टाइलच्या मागे काय आहे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बाथरूमची भिंत’ असा विषय छापलेला पाहून दोघा-तिघांनी मला जिन्यातच अडवलं. म्हणाले, अहो, रौप्यमहोत्सव आहे, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, हे काय भलतंच? आठवणी सांगणारे आज पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतील. मी आयुष्यभर बँकेत कागद तपासले, तेव्हा सवयीने सोसायटीची तक्रारींची फाइल चाळली. पार्किंगच्या तक्रारी बाजूला ठेवल्या तर सर्वांत जाड गठ्ठा गळतीचा आहे. आणि गळतीच्या तक्रारींत पहिला मान बाथरूमचा. त्यातून आपली इमारत आता पंचवीस वर्षांची झाली. मूळच्या बाथरूम एकेक करून सगळ्यांच्याच काढाव्या लागणार आहेत. काहींच्या झाल्या, काहींच्या चालू आहेत, आणि ज्यांच्या व्हायच्या आहेत ते सध्या टाइलची दुकानं पालथी घालताहेत. म्हणून म्हटलं, हा विषय आत्ता नाही बोलायचा तर कधी?

बाथरूम करायला निघालेलं कुटुंब दुकानात काय करतं बघा. टाइल मॅट हवी की चकचकीत, खाली गडद आणि वर फिकी चालेल का, मध्ये फुलांची पट्टी घ्यावी का, यावर दोन रविवार जातात. शॉवरसाठी काचेचं दार सरकतं की उघडतं, यावर तिसरा रविवार. पण ती टाइल ज्या भिंतीला चिकटणार ती भिंत कशाची, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो मिस्त्रीवर सोडलेला असतो. मिस्त्री तो इंटिरियरवाल्यावर सोडतो, आणि इंटिरियरवाला त्या दिवशी टेम्पोत जो बोर्ड शिल्लक असेल त्यावर. बँकेत कर्ज देताना आम्ही दुकानाची पाटी किती सुंदर आहे ते बघत नसू, तारण काय आहे ते बघत असू. इथे तारण म्हणजे टाइलमागची भिंत.

एक समज आधी काढून टाकू. टाइल लावली म्हणजे भिंत पाणीबंद झाली, असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. टाइल स्वतः पाणी फारसं पीत नाही हे खरं, पण दोन टाइलांमधला सांधा पितो. साधा हिशेब करू. तीन बाजूंनी भिंत आणि समोर काच, असा तीन बाय तीन फुटांचा शॉवरचा कोपरा घ्या. सात फूट उंचीपर्यंत टाइल लावली तर क्षेत्रफळ झालं ६३ चौरस फूट. एक बाय दोनच्या टाइल धरल्या तर तीसच्या वर टाइल लागतात, आणि त्यांच्यामधल्या सांध्यांची एकूण लांबी ऐंशी-नव्वद फुटांच्या घरात जाते. सिमेंटचा ग्राउट भरलेली नव्वद फुटांची फट आणि तिच्यावर रोज सकाळी चार माणसांच्या आंघोळीचा मारा. इपॉक्सी ग्राउट वापरला तर पाणी बरंच कमी शिरतं, पण कोपऱ्यातला सांधा इमारतीच्या हालचालीने कधी ना कधी केसाएवढा उघडतोच. म्हणजे टाइलमागे थोडं पाणी जाणार, हे धरूनच चालायचं. ते मागे गेल्यावर त्याची गाठ कोणाशी पडते, एवढाच प्रश्न उरतो.

आता आपल्या इमारतीत हा प्रश्न दोन तऱ्हांनी येतो.

पहिली तऱ्हा सोपी. जुनी विटांची भिंत आहे, तिच्यावरची जुनी टाइल काढायची आणि नवी लावायची. तुमची बाथरूम अशी असेल तर तुम्ही नशीबवान आहात. वीट आणि सिमेंटचं प्लास्टर यांच्यापेक्षा चांगला आधार टाइलला मिळत नाही. फक्त जुनं प्लास्टर ठोकून बघा. पोकळ, बद्द आवाज आला तर ते विटेपर्यंत काढायचं आणि एकास चार प्रमाणात सिमेंट-वाळूचं नवं प्लास्टर करून घ्यायचं. त्याला सात दिवस पाणी मारायचं. गवंडी म्हणेल, साहेब तीन दिवस पुरे. ऐकू नका. पाणी मारायला त्याला यायचं नसतं, तुम्हालाच मारायचं असतं, मग त्याचं काय जातं?

इथे एक नवी फॅशन आली आहे तिच्यापासून सावध राहा. भिंत वाकडी असली की इंटिरियरवाले ती जिप्सम प्लास्टरने किंवा पीओपीने सरळ करून देतात. एका दिवसात गुळगुळीत होते, पाणी मारायची कटकट नाही. दिवाणखान्यात जरूर करा, बाथरूममध्ये नको. जिप्सम पाण्यात विरघळतं, अगदी थोडं, लिटरमागे दोन-अडीच ग्रॅम, पण विरघळतं आणि ओलं झालं की मऊ पडतं. शिवाय ओल कायम राहिली तर जिप्सम आणि सिमेंट यांचं जमत नाही. दोघांच्या संयोगाने फुगणारे क्षार तयार होतात आणि टाइल मागून ढकलली जाते. मग आपण टाइल चिकटवणाऱ्याला शिव्या देतो.

टाइलवर टाइल लावून देतो, तोडफोड नाही, धूळ नाही, असंही सांगणारे असतात. चिकटवण्याचा माल आता चांगला मिळतो आणि टाइलवर टाइल चिकटते, त्यात शंका नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या टाइलमागे जे कुजलंय ते तसंच राहतं. भिंतीला पीव्हीसीचे तयार तक्ते चिकटवून ‘ओल गायब’ करणारे तर याहून पुढचे. ओल गायब होत नाही, दिसेनाशी होते. बँकेत बुडीत खात्यावर नवं कर्ज काढून ते खातं चालू दाखवायचा प्रकार असे, त्याची मला आठवण येते. वरच्या घरातलं पुस्तक स्वच्छ दिसतं आणि नोंद निघते खालच्या घराच्या छतावर.

दुसरी तऱ्हा अवघड आहे, आणि गोंधळ सगळा तिच्यात. हल्ली ओला भाग आणि कोरडा भाग वेगळा करायची पद्धत आहे, ती चांगलीही आहे. त्यासाठी मध्ये नवी भिंत उभी करावी लागते. किंवा कमोडची टाकी भिंतीआड लपवायची असते. किंवा आपली आतली भिंत चारच इंचांची, ती पाइपसाठी कापायला नको म्हणून पाइप बाहेरून नेऊन त्यावर खोटी भिंत घ्यायची असते. आता चार फूट रुंद आणि सात फूट उंच अशी चार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट अर्ध्या टनाहून जड होते. स्लॅबवर मनाला येईल तिथे एवढा भार ठेवू नये. तेव्हा इंटिरियरवाला जेव्हा लोखंडी चौकट आणि बोर्डाची भिंत सुचवतो तेव्हा तो चुकीचं सांगत नसतो. प्रश्न फक्त एवढाच, की बोर्ड कोणता?

हे बोर्डाच्या भिंतीचं वेड आपलं नाही. मुलीकडे न्यू जर्सीला राहिलो तेव्हा शेजारच्या घरात बाथरूमचं काम चाललं होतं, ते रोज बघायला मिळालं. दुसरं काय काम होतं मला? तिकडची घरं लाकडी चौकटीची. सोळा-सोळा इंचांवर उभे वासे आणि दोन्ही अंगांनी कागद चढवलेला जिप्समचा बोर्ड. आपल्याकडची वीट तिथे नाहीच, त्यामुळे शॉवरमागे काय घालायचं हा तिथल्या प्रत्येक घराचा प्रश्न. पूर्वी तेही जिप्समचाच हिरव्या कागदाचा, ओल सोसणारा म्हणून विकला जाणारा बोर्ड घालत. मग भिंती सडल्या. त्यांच्या निवासी बांधकामाच्या संहितेतून २००६ च्या आवृत्तीत हा हिरवा बोर्ड शॉवरच्या टाइलमागून बाद झाला, आणि तिथे सिमेंटचे किंवा खास त्या कामासाठी केलेले बोर्डच घालावे लागतात. आपल्याकडे गंमत अशी, की तिथे बाद झालेला तोच हिरवा बोर्ड इथे ‘बाथरूमसाठी स्पेशल’ म्हणून अजून विकला जातो. वॉशबेसिनच्या वर, छताला, जिथे नुसती वाफ लागते तिथे तो चालतो. शॉवरच्या माऱ्याखाली चालत नाही.

आता ही टेबलावरची बादली बघा. मघापासून सगळे तिच्याकडे संशयाने बघताय. गेल्या रविवारपासून, म्हणजे आठ दिवस, हिच्यात चार तुकडे बुडवून ठेवले आहेत. हा पहिला साधा जिप्सम बोर्ड. कागद सुटला, आणि हे बघा, नखाने उकरला जातो. हा हिरवा. बाहेरून अजून अब्रू राखून आहे, पण कापलेली कड दाबून बघा, बिस्किटासारखी झाली आहे. तिसरा मरीन प्लाय, आय.एस. ७१० चा शिक्का असलेला. याचे थर सुटले नाहीत. सुटणारही नाहीत, कारण त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे अशी कसोटीच आहे. पण डिंक टिकला तरी लाकूड ते लाकूडच, पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. त्यावर लावलेली टाइल हे फुगणं-आकसणं सोसत नाही. आणि हा चौथा, फायबर सिमेंटचा बोर्ड. काळा पडलाय, जड झालाय, पण कड जशीच्या तशी. वाळवला की पुन्हा पहिल्यासारखा.

मात्र या चौथ्याच्या बाबतीत एक नीट समजून घ्या, कारण चांगले चांगले मिस्त्री इथे फसतात. सिमेंटचा बोर्ड पाण्याने खराब होत नाही, पण पाणी अडवतही नाही. पाणी त्याच्यातून झिरपून मागे जातं. म्हणून त्याच्या पुढच्या अंगाला, म्हणजे टाइलच्या बाजूला, वॉटरप्रूफिंगचा लेप हवाच. हेच विटांच्या भिंतीवरच्या प्लास्टरलाही लागू. सिमेंट आणि पॉलिमर मिळून दोन भागांत येणारा लेप मिळतो. त्याचा पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. कोपऱ्यात आणि भिंत-फरशीच्या सांध्यावर गवंडी सिमेंटचा वाटा काढून देतो, त्यावर जाळीची पट्टी दाबून लेप द्यायचा. लेप फरशीवरून भिंतीवर सलग चढला पाहिजे, आणि शॉवरच्या तोंडाच्या वर निदान सहा इंच गेला पाहिजे. नुसता फूटभर लेप वर घेऊन ‘झालं वॉटरप्रूफिंग’ म्हणणारे बरेच आहेत. शॉवर काय फूटभर उंचीवर असतो?

दुकानात गेलात तर फायबर सिमेंटचा बोर्ड असंच सांगा आणि आय.एस. १४८६२ चा उल्लेख आहे का बघा. दहा-बारा मिलीमीटर जाडीचा घ्या. सिमेंटमध्ये लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्डही त्याच दुकानात त्याच रांगेत असतात. ते बाकीच्या कामांना चांगले आहेत, पण शॉवरमागे मी नाही घालणार. लोखंडी चौकटीचे उभे दांडे सोळा इंचांवर, स्क्रू न गंजणारे आणि आठ-आठ इंचांवर. दोन बोर्डांत थोडी फट ठेवून ती जाळीच्या पट्टीने आणि टाइल चिकटवायच्याच मालाने भरायची. बोर्डाची खालची कड जमिनीला टेकवायची नाही, पाव इंच वर ठेवून फट लवचीक सीलंटने भरायची, नाहीतर बोर्ड वातीसारखं पाणी वर ओढतो. टाइलला साध्या सिमेंटचे गोळे लावायचे नाहीत, गोळ्यांमध्ये पोकळी राहते आणि तिथे पाणी साठतं. पिशवीतून येणारा चिकटवण्याचा माल दातेरी थापीने सगळीकडे सारखा पसरायचा.

आपल्याच इमारतीतली एक गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, कारण दोन्ही घरची मंडळी समोर बसली आहेत आणि हसताहेत. वरच्या घरात पाइप लपवायला जिप्सम बोर्डाची खोटी भिंत केली होती आणि नेमकी तिच्यावरच शॉवरची टाइल. दोन पावसाळे गेले. खालच्या घरात कपाटामागे बुरशी धरली, साड्यांना वास यायला लागला. खालच्यांनी छताला रंग लावला, मग वॉटरप्रूफ म्हणून आणखी महाग रंग लावला. पाणी येतंय वरून आणि औषध खालून, तो रंग टिकणार कसा? वरचे म्हणत, आमचं प्लंबिंग नवीन आहे, आमच्याकडून येतच नाही. प्लंबिंग नवीन होतं हे खरंच होतं, पाइप कुठेच गळत नव्हता. पण संक्रांतीला एकमेकांच्या घरी तिळगूळ जायचा, तो बंद झाला. जिन्यात मान फिरवणं सुरू झालं. शेवटी टाइलला अंगठ्याने दाबल्यावर ती आत गेली तेव्हा कमिटीतर्फे मी आणि प्लंबर उभे होतो. टाइल काढली तर मागे बोर्ड नव्हताच, ओल्या पिठासारखा लगदा होता. खालच्या काकूंना वर बोलावून ते दाखवलं, तेव्हा त्यांचा राग निम्मा तिथेच उतरला. कोणी मुद्दाम केलं नव्हतं एवढं त्यांना दिसलं.

आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या समाईक पाइपांची आणि गच्चीची गळती सोसायटीने बघायची, आणि संडास, बाथरूम, सिंक यांची आतली गळती ज्या त्या सभासदाने स्वखर्चाने. ते झालंही तसंच. पण तीन वर्षं दोन घरांत जे बोलणं बंद होतं त्याची भरपाई कुठल्या उपविधीत आहे?

आता माझ्या वयाच्या मंडळींसाठी, आणि ज्यांच्या घरी माझ्या वयाची मंडळी आहेत त्यांच्यासाठी. शॉवरमध्ये हाताने धरायचा दांडा लावायचा असतो. आज नको वाटत असेल, पण भिंत उघडी आहे तोवरच त्याचा विचार करा. माणूस घसरतो तेव्हा तो त्या दांड्याला लटकतो. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या नियमात असा दांडा २५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ११३ किलोचा ओढा सोसेल असा हवा आणि जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर हवा, असं लिहिलं आहे. विटांच्या भिंतीत टाइल आणि प्लास्टर पार करून विटेत खोल जाणारा बोल्ट हे काम करतो. सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर त्यासाठी वेगळे बोल्ट मिळतात, ते मागा. पण बोर्डाच्या भिंतीत, मग तो बोर्ड कितीही चांगला असो, नुसत्या बोर्डात स्क्रू मारलेला दांडा टाइलसकट हातात येईल. तिथे बोर्ड लावायच्या आधी चौकटीच्या दोन दांड्यांमध्ये आडवा जाड प्लाय पक्का बसवून घ्यायचा. मघाशी मी मरीन प्लायला नापास केलं, त्याची जागा ही. लेपाच्या आणि बोर्डाच्या मागे, कोरड्यात. भोकात सीलंट भरून मगच बोल्ट घट्ट करायचा, कारण तेवढ्या जागी आपण लेपाला छिद्र पाडलेलं असतं. आणि भिंत बंद करण्यापूर्वी शेजारी टेप धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे प्लाय कुठे आहे आणि पाइप कुठे, हे पाच वर्षांनी शोधावं लागणार नाही. रबरी वाटीने टाइलला चिकटणारे दांडे मिळतात, ते टॉवेल अडकवायला ठीक आहेत.

शेवटचं, परीक्षेबद्दल. लेप वाळल्यावर नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवतात. ही परीक्षा प्रत्येकाने करावीच. पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करा. पण ही फरशीची परीक्षा झाली, भिंतीची नाही. दोन इंच पाण्याला सात फुटांची भिंत काय कळणार? म्हणून लेप पुरता पक्का झाला की टाइल लावण्याआधी पाइपने तासभर भिंतीवर पाणी सोडा, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीच्या मागच्या खोलीत आणि खालच्या घरात जाऊन हात लावून बघा. खालच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते दार उघडतील. मिस्त्रीचे शेवटचे पैसे या परीक्षेनंतर द्या.

सेक्रेटरीसाहेबांना मी विनंती केली आहे, की बाथरूमच्या कामाच्या परवानगीच्या अर्जात दोन ओळी वाढवाव्यात: शॉवरमागच्या भिंतीचा प्रकार, आणि पाणी उभं करण्याची तारीख. त्या तारखेला खालच्या सभासदाची सही. त्यांनी मान डोलावली आहे. पुढच्या सभेत विषयपत्रिकेवर घेतो म्हणाले.

बादली आज रात्री सोसायटीच्या ऑफिसात जाईल. तुकडे अजून महिनाभर पाण्यातच ठेवणार आहे. ज्यांचं काम निघालं असेल त्यांनी मिस्त्रीला घेऊन या आणि त्यालाच नख लावून बघायला सांगा. ऑफिस संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं. वॉचमनला मी सांगून ठेवलं आहे, की पाणी बदल, पण तुकडे फेकू नकोस.

चहा आलेला दिसतोय.